पालघर, बोईसर व तारापूर येथील घरजागांचें मोल

जुन्या खरेदीखतांचा संग्रह करणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, जागेची योग्यता किमतीच्या आंकड्यापेक्षां चतुःसीमेवरून अधिक कळते. पूर्वेस वाट, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस अमक्याची वाडी, एवढें वाचलें म्हणजे ती जागा कोणास व कां हवी होती हें ध्यानांत येतें. मुंबईंतील बिऱ्हाड मोडून पालघर किंवा बोईसर येथें घर घेण्याचा विचार अलीकडे पुष्कळ निवृत्त गृहस्थ करीत आहेत, आणि दोहोंपैकीं कोणतें बरें असें आम्हांस विचारण्यांत येतें. आयुष्याची सारी पुंजी एका दस्तऐवजावर लावावयाची असल्यामुळें प्रश्न हलका नव्हे. आम्हीं त्याचें उत्तर चतुःसीमेच्याच रीतीनें शोधूं इच्छितों.

या प्रांतांत पूर्वीं मोल होतें तें बंदराच्या गांवांस. केळवें-माहीम व तारापूर हीं फिरंग्यांचीं ठाणीं मराठ्यांनीं इ. स. १७३९ च्या आरंभीं घेतलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढें तारापूरचा किल्ला पेशव्यांकडून विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांस इनाम मिळाला. त्या काळच्या इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि व निक्षेप यांसह जमीन देण्याची रीत असे. म्हणजे जमिनीच्या पाठीवर व पोटांत जें जें असेल त्या सर्वांचें तें मोल. आजच्या सदनिकेच्या खतांत यांपैकीं एकही वस्तु खरेदीदाराच्या एकट्याच्या हातीं येत नाहीं. क्षेत्रफळ आणि मजला येतो.

इ. स. १८६४ मध्यें गुजराथेकडील लोहमार्ग मुंबईस येऊन भिडला व हा हिशेब पालटला. मार्ग किनारा सोडून आंतून गेला. इ. स. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तालुक्याचें नांव माहीम असेंच आहे, परंतु त्या माहीमचें स्टेशन पालघर होतें. पुढें कचेऱ्या स्टेशनाकडे आल्या आणि तालुकाही पालघर झाला.

तारापूरची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथें गांव मागें राहिलें व नांव पुढें गेलें. औद्योगिक वसाहत तारापूरची म्हणवते, पण ती टेकली आहे बोईसरास. अणुवीजकेंद्र इ. स. १९६९ पासून तारापूरच्या नांवानें चालत आहे. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांकरितां ज्यांचीं घरें उठलीं तीं गांवें मात्र अक्करपट्टी व पोफरण. म्हणून जाहिरातींतील नांवावर विसंबूं नये. खतांत ‘मौजे’ या शब्दापुढें काय लिहिलें आहे तें प्रथम पाहावें. जुना कागद वाचतांना स्थलनिश्चय आपण आधीं करतोंच. येथेंही क्रम तोच.

आतां दोन्ही स्टेशनांची तुलना करूं. उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाऊं लागल्यामुळें दळणवळणाचा लाभ दोहोंस सारखाच आहे. दोहोंमधील अंतर सुमारें १२ किलोमीटर. भेद आहे तो पोटापाण्याच्या आधारांत. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्ह्याचें ठिकाण झालें, व इ. स. २०२१ मध्यें कोळगांव येथील नव्या इमारतींत जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या. कचेरी, न्यायालय, शाळा यांवर उभी राहिलेली मागणी संथ असते, पण ती एकाएकीं आटत नाहीं. बोईसरची मागणी कारखान्यांची आहे. तेथें भाडेकरू लौकर मिळतो आणि कारखाना थंडावला कीं तितक्याच लौकर जातो. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इ. स. २०१८ च्या निर्देशांकांत तारापूरची वसाहत अत्यंत प्रदूषित क्षेत्रांत गणली गेली. अणुकेंद्राभोंवतींचें १६ किलोमीटरांचें आपत्कालीन नियोजनाचें वर्तुळही बोईसरास आंत घेतें. ज्याची नोकरीच तेथें आहे त्यानें बोईसरास राहावें. वाऱ्याची दिशा व विहिरीचें पाणी पाहून घर निवडावें. विश्रांतीकरितां जाणाऱ्यास आम्ही पालघरच सांगूं.

यावर कोणी म्हणेल कीं, बोईसरास अहमदाबादच्या द्रुतगति रेल्वेचें स्टेशन योजिलें आहे, व वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली आहे. खरें आहे. परंतु विकणारा उद्यांच्या बंदराचें मोल आजच मागतो, आणि तें बंदर पुरें होण्याची वाट पाहणें मात्र घेणाऱ्याकडे येतें. साठी उलटलेल्या माणसानें हा व्यवहार करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

कागदांविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनें विकत घेण्यास इ. स. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणें शासनाच्या पूर्वसंमतीनें जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. या तालुक्यांतील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत आहेत, म्हणून इमारत कितीही देखणी असो, तिच्या खालच्या जमिनीचे फेरफार मागें मागें वाचीत गेलेंच पाहिजे. कूळकायद्यानें मिळालेल्या जमिनीवरही हस्तांतराचें बंधन असतें व तें बहुधा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत सांपडतें. घाईचा खरेदीदार नेमका तोच रकाना सोडून देतो!

राहिलीं तारापूर-चिंचणीकडील जुनीं घरें. हवा उत्तम, पण इ. स. १९९१ पासून किनारा-नियमनाचे निर्बंध समुद्राजवळच्या बांधकामास लागू आहेत, आणि एकेका वाड्यास वारस अनेक. गांवठाणांतील अशा घरास सातबारा नसतो. तेथें मिळकत-पत्रिका, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा व वाटणीपत्रें यांवरच भिस्त. घर मोडतांना माळ्यावरील मोडी कागद रद्दींत जातात. त्यांत याच जागेचें मूळ खत असण्याचा संभव असतो, व वारसांच्या तंट्यांत तेंच उपयोगीं पडतें. माहीम, केळवें, चिंचणी व तारापूर येथील घरजागांचीं खतें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं चतुःसीमेच्या मजकुराच्या नकला संपादकांकडे धाडाव्या. त्यांवरून वाटा, खाड्या व वाड्या यांचा जुना नकाशा तयार करण्याचा आमचा मानस आहे.