दाढेचे इंजेक्शन आणि अर्धशिशीची गोळी

आमचे एक सहकारी, गणिताचे शिक्षक, दाढ काढायला गेले. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरबाईंनी विचारले, "हृदयाचा त्रास? रक्तदाब?" "काही नाही." "एखादी गोळी चालू आहे?" "एक आहे, पण ती अर्धशिशीची." नाव काही आठवेना. बाईंनी सिरिंज खाली ठेवली आणि "गोळ्यांची पट्टी घेऊन संध्याकाळी या," म्हणाल्या. सर शाळेत येऊन दुपारभर कुरकुरत होते. अर्धशिशीचा दाढेशी काय संबंध? पट्टीवर नाव निघाले प्रोप्रॅनोलॉल. संबंध आहे, आणि तो वर्गात सांगण्यासारखा आहे.

दाढ बधिर करायला बहुधा लिग्नोकेन वापरतात. स्वीडनमधील निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली ते तयार केले. मज्जातंतूच्या पटलात सोडियमचे आयन आत येण्यासाठी दारे असतात. लिग्नोकेन ती अडवते, म्हणून वेदनेचा संदेश पुढे जात नाही. पण ते रक्तवाहिन्या सैलही करते आणि मग रक्ताबरोबर स्वतःच वाहून जाते. ते जागच्या जागी टिकावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या आवळणारे अ‍ॅड्रिनॅलिन मिसळतात. जर्मन शल्यविशारद हाइनरिख ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेली ही युक्ती आजही चालते.

हेच अ‍ॅड्रिनॅलिन थोडेफार शरीरभर पोचते. पेशींवरील ग्राही त्याचा निरोप घेतात. हे ग्राही अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असावेत, असे अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. पुढे बीटाचेही प्रकार सापडले. अल्फा ग्राहींमुळे त्वचेतील, हिरड्यांतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बीटा-१ मुळे हृदय जोरात चालते. बीटा-२ मुळे हातापायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल होतात. म्हणजे पंप जोरात, काही नळ आवळलेले, पण काही मोकळे सोडलेले. त्यामुळे थोड्या मात्रेने धडधडले तरी एकूण दाब फारसा चढत नाही.

प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बीटा ग्राही अडवते. आता नळ आवळणारे तेवढे उरले, मोकळे करणारे कोणी नाही. दाब एकदम वाढू शकतो. मानेतील रोहिणीत दाब जोखणारी यंत्रणा असते. ती मेंदूला कळवते आणि मेंदू हृदयाला आवरतो. म्हणून दाब चढलेला आणि नाडी मात्र मंदावलेली, असे उलटे चित्र दिसते. बहुतेकांत ते काही मिनिटांत ओसरते. ज्याचे हृदय वा मेंदूतील रक्तवाहिन्या आधीच कमजोर आहेत, त्याला तेवढी मिनिटेही महाग पडू शकतात.

प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारासाठी जेम्स ब्लॅक यांनी शोधलेले औषध (त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले). पण ते अर्धशिशी, हात थरथरणे, थायरॉइडचा जोर यांवरही देतात. सर खोटे बोलले नव्हते; प्रश्नच अपुरा होता. उलट अ‍ॅटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल या गोळ्या मुख्यतः बीटा-१ लाच अडवतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा धोका बराच कमी. "बीपीची गोळी" एवढ्याने भागत नाही, नाव लागते, ते यासाठी.

आता मात्रेचा हिशोब. बाटलीवर १:८०,००० लिहिलेले असते. म्हणजे ८०,००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन. १ मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम. हृदयरोग्याला एका वेळी ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा दंतवैद्यकात रूढ संकेत आहे. भागाकार विद्यार्थ्यांनी करावा: उत्तर ३.२ मिलिलिटर येते. मग अ‍ॅड्रिनॅलिन वगळूनच का टाकू नये? काही रुग्णांत वगळतातही. पण दाढ नीट बधिर झाली नाही तर दुखण्याने आणि भीतीने शरीर स्वतःचेच अ‍ॅड्रिनॅलिन सोडते, आणि त्यावर बाटलीवरचे प्रमाण छापलेले नसते! म्हणून थोडे थोडे, सावकाश, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे दट्ट्या मागे ओढून पाहत देणे हा मधला मार्ग. आमच्या सरांना तसेच दिले, मध्ये थांबून दाब मोजला, आणि दाढ निघाली.

लिग्नोकेन स्वतःही हृदयाचे औषध आहे, हे पुष्कळांना नवल वाटेल. हृदयाच्या पेशींतही सोडियमची तशीच दारे असतात, त्यामुळे खालच्या कप्प्यांचे ठोके भरकटले तर ते शिरेतून देतात, अर्थात अ‍ॅड्रिनॅलिनविना. प्रोप्रॅनोलॉलमुळे यकृताकडे जाणारे रक्त कमी होते आणि लिग्नोकेनचा निचरा मंदावतो. एका दाढेपुरत्या मात्रेत याने बिघडत नाही. एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी इंजेक्शने द्यायची असतील तर बिघडू शकते.

हे वाचून कोणी आदल्या दिवशी आपणहून गोळी बंद करील, ही आम्हाला खरी धास्ती आहे. तसे करू नये. बीटा अडवणारी गोळी अचानक थांबवली तर हृदयरोग्याला छातीत कळ येऊ शकते, क्वचित झटकाही. गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी आणि पट्टी खिशात ठेवून खुर्चीत बसावे.