शंभर मीटरचा हिशेब

अकोले तालुक्यातील राजूर गावापासून भंडारदऱ्याचा जलाशय फार दूर नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने तेथे प्रवरा नदीचे पाणी अडविले आहे. ते विस्तीर्ण पाणी पाहून एखाद्या धीट मुलाला वाटते, ‘हे आपण सहज पोहून जाऊ!’ परंतु लांब पल्ल्याचे पोहणे केवळ धिटाईने साधत नाही. त्याला हिशेब लागतो.

‘आयर्नमन’ नावाची एक खडतर शर्यत आहे. तीत स्पर्धकाला ३.८ किलोमीटर पोहून, पाठोपाठ १८० किलोमीटर सायकल चालवून, शेवटी ४२.२ किलोमीटर धावावे लागते. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ही शर्यत सुमारे सव्वापंधरा तासांत पुरी केली. या शर्यतीत पोहण्यासाठी बहुधा २ तास २० मिनिटांची मुदत असते. ती टळली, की स्पर्धक बाद होतो. याउलट, आरंभीच सारी शक्ती खर्ची घातली, तर सायकल चालविण्यास बळ उरत नाही. मग पोहावे तरी किती वेगाने?

समजा, राजूरच्या एका तरुणाने पोहण्याच्या तलावात, पूर्ण जोर लावून, ४०० मीटर अंतर १० मिनिटांत कापले. आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर अंतर ४ मिनिटे ४० सेकंदांत कापले. दोन्ही वेळांत ५ मिनिटे २० सेकंदांचा फरक पडला. हा फरक २०० मीटरांचा. म्हणून त्याचा निम्मा भाग, म्हणजे २ मिनिटे ४० सेकंद, ही त्याची १०० मीटरची टिकाऊ गती होय. ताज्या दमाची चपळाई दोन्ही वेळांत जवळजवळ सारखीच मिसळलेली असते. वजाबाकीने ती गळून पडते आणि दीर्घकाळ पुरणारे बळ तेवढे हिशेबात राहते.

लांबच्या शर्यतीत या गतीहूनही थोडे सावकाश पोहणे हिताचे असते. दर १०० मीटरला २ मिनिटे ५० सेकंद धरले, तर ३,८०० मीटरांचे ३८ टप्पे १ तास ४७ मिनिटे ४० सेकंदांत पुरे होतात. मुदत संपण्यास ३२ मिनिटांहून अधिक अवधी उरतो. लाटा, थंडी किंवा दिशा चुकल्याने वाढलेले अंतर यांसाठी ही शिल्लक उपयोगी पडते.

उघड्या जलाशयात थकल्यावर हाताशी काठ नसतो. म्हणूनच हा सराव प्रथम पोहण्याच्या तलावात, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचा असतो. ज्याला आपले बळ नेमके ठाऊक असते, त्यालाच पैलतीरी सुखरूप पोचता येते.