पहिल्यापासून पुढं असूनही हरतो कसं?

लोणीतून बोलतोय. ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेलं 'अं… अं…' तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय माझ्या पुतणीनं दिला. नववीत आहे, आठशे मीटर पळते. मागच्या आठवड्यात शाळांची स्पर्धा होती. माळावर फक्की मारून दोनशे मीटरचा गोल आखलेला, म्हणजे चार फेऱ्या. पोरगी शिट्टी वाजल्यापासून पुढं. साडेतीन फेऱ्या पुढं. शेवटच्या वळणावर दोन मुली बाजूनं निघून गेल्या आणि ही तिसरी. घरी आल्यावर जेवली नाही. रात्री मला म्हणाली, "काका, मी पहिल्यापासून पुढं होते, आणि घरच्या माळावर तर मी याच्यापेक्षा कमी वेळात पळते. मग हरले कशी?"

प्रश्न साधा नाही. आपल्या अविनाश साबळेलाही तो पडला असणार.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. सैन्यातला गडी. तीन हजार मीटर स्टीपलचेस हा त्याचा प्रकार: अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. जून २०२२ मध्ये रबातला त्यानं ८ मिनिटं १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ओरेगनला जागतिक स्पर्धा होती आणि तो फायनलमध्ये होता. जिंकला मोरोक्कोचा सूफियान अल बक्काली. वेळ किती? ८ मिनिटं २५.१३ सेकंद. अविनाशच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा जवळजवळ तेरा सेकंद जास्त! आणि अविनाश? ८:३१.७५, अकरावा.

म्हणजे जो वेग तो महिन्यापूर्वी आरामात ओलांडून आला होता, त्या वेगाच्या शर्यतीत तो अकरावा आला. (याच शर्यतीत एक कॅमेरामन भलतीकडं तोंड करून ट्रॅकवरच उभा होता आणि अख्खा घोळका त्याच्या दोन्ही बाजूंनी गेला. व्हिडिओ बघाच. पण निकालाचं कारण ते नव्हे.)

कारण समजायला आपल्या बैलगाड्यांकडं बघू. आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या घाटात गाडा एकटा सुटतो. पुढं घोडी असते, ती बैलांना ओढ लावते, आणि निकाल सेकंदांवर. सातारा-सांगलीकडं तसं नाही. तिथं चार-सहा गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि जी आधी पोचेल ती पहिली. तिथं सेकंद कोण विचारतो?

डायमंड लीगसारख्या स्पर्धा बऱ्याचदा आपल्या घाटासारख्या असतात. आयोजक पैसे देऊन 'पेसमेकर' आणतात. तो ठरलेल्या वेगानं पुढं पळतो आणि मध्येच बाजूला होतो. तीच आपली घोडी. मागच्यांनी फक्त चिकटून राहायचं. ऑलिंपिक, जागतिक, आशियाई या स्पर्धा सातारकडच्या. घोडी नाही. पदक क्रमांकाला, वेळेला नाही. मग पुढं जाऊन वारा अंगावर कोण घेणार? जो पुढं जातो तो वारा कापतो, वेग ठरवायचं ओझं डोक्यावर घेतो आणि मागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून सगळे एकमेकांकडं बघत बसतात. शर्यत रेंगाळते आणि सगळा खेळ शेवटच्या फेरीवर येतो. तिथं जिंकतो तो, ज्याच्या पायात शेवटची उसळी जास्त आहे. धावपटू तिला 'किक' म्हणतात. अविनाशची ताकद सलग कडक वेग टिकवण्याची. रेंगाळलेल्या शर्यतीत ती ताकद खिशातच राहते.

त्यात घोळका. स्टीपलचेसचा अडथळा घट्ट असतो, धडकलात तर तो पडत नाही, तुम्ही पडता. हळू शर्यतीत पंधरा जण एका अडथळ्यावर एकदम येतात, आणि पुढच्याच्या पाठीमुळं अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. बाहेरून पळावं तर अंतर वाढतं. एक लेन १.२२ मीटरची. पूर्ण फेरी एक लेन बाहेरून मारली तर साधारण साडेसात मीटर जादा. गंमत म्हणजे गोल लहान असो की मोठा, हे साडेसात मीटर तेवढेच राहतात. ट्रॅकवर आठशे मीटरला दोन फेऱ्या, म्हणजे पंधरा मीटर. आपल्या दोनशेच्या गोलावर चार फेऱ्या, म्हणजे तीस! म्हणून गावच्या ट्रॅकवर आतली रेघ सोडणं फार महाग पडतं, आणि आतच राहिलं तर कोंडीत सापडायची भीती.

ओरेगननंतर तीन आठवडेही झाले नव्हते, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ ते २०१८ अशा सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचीच. पण या वेळी वेग पहिल्यापासून कडक राहिला. अविनाश केनियाच्या गड्यांना चिकटून राहिला आणि शेवटच्या सरळ पट्टीत अब्राहम किबिवोटच्या खांद्यापर्यंत आला. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद! तिसरा आलेला आमोस सेरेम पाच सेकंदांहून जास्त मागं होता. माणूस तोच, महिन्याभरात फार काही बदललं नव्हतं. शर्यतीची जात बदलली होती.

२०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत तर त्यानं प्रश्नच मिटवला. वेग स्वतःच्या हातात घेतला, सगळ्यांना मागं टाकलं, ८:१९.५० मध्ये सुवर्ण. दुसरा चार सेकंदांहून जास्त मागं. किक मारायची कुणाला संधीच नाही.

तर मग पुढं पळणंच बरोबर का? पुतणीनं लगेच हेच विचारलं. "मीही तेच केलं ना काका!"

नाही गं. इथं जरा थांबू, कारण मला स्वतःलाही हे उशिरा कळलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची पंधराशे मीटर फायनल बघा. अमेरिकेचा मॅथ्यू सेंट्रोविट्झ जवळपास सगळी शर्यत पुढं होता आणि जिंकला. वेळ ३:५०.००, ऑलिंपिकमध्ये १९३२ नंतरची सगळ्यात हळू. त्याच वर्षी रिओतच पॅरालिंपिकमध्ये दृष्टिदोष असलेल्या धावपटूंच्या पंधराशेत पहिले चौघं याच्यापेक्षा जलद आले! लोकांनी सेंट्रोविट्झची चेष्टा केली, मला ती पटली नाही. त्यानं पुढं राहून शर्यत झोपवली, आतली रेघ धरली, आणि शेवटचे चारशे मीटर ५०-५१ सेकंदांत काढले. उलट २०१२ ला लंडनमध्ये डेव्हिड रुडिशा आठशे मीटरला सुरुवातीपासून पुढं गेला तो १:४०.९१ चा विश्वविक्रम करूनच थांबला. दोघंही पुढंच होते. एकानं मागच्यांना दमवलं, दुसऱ्यानं त्यांना आतून वाटच दिली नाही आणि स्वतःची किक राखून ठेवली.

पुतणी या दोन्हीच्या मधल्या वेगानं पुढं पळाली. मागच्या दोघींना तो वेग सोसवत होता. वारा हिनं कापला, वेग हिनं मोजला, त्या सावलीत बसल्यासारख्या आल्या. तिनं साडेतीन फेऱ्या त्या दोघींची घोडी म्हणून काम केलं. हे बोललो आणि तिचं तोंड उतरलं, पण खोटं कशाला सांगू?

आता कुणी म्हणेल, कडक वेग लावला की झालं. तसंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अविनाश फायनलला ८:१४.१८ मध्ये आला. ओरेगनपेक्षा साडेसतरा सेकंद कमी. क्रमांक? पुन्हा अकरावा. अल बक्काली ८:०६.०५ मध्ये जिंकला. कडक शर्यतीत तुमच्यापेक्षा कडक माणसं असली तर डावपेचांना मर्यादा येते. आधीच्या वर्षी बुडापेस्टला तो हीटमध्येच अडकला होता. प्रत्येक हीटमधून फक्त पहिले पाच घ्यायचे असा नियम, वेळेवर कुणाला जागा नाही. हा ८:२२.२४ मध्ये सातवा, आणि दुसऱ्या हीटमधून याच्याहून जास्त वेळ घेतलेले फायनलला गेले.

पुतणीची पुढची शर्यत महिनाभरावर आहे. तिथं काही जमलं नाही तर दहावीचं वर्ष म्हणून पळणं बंद, असं दादा-वहिनींनी ठरवलंय. त्यांचंही चुकतं असं मला म्हणता येत नाही. त्या दोन मुली याही वेळी असणार आणि दोघींची किक हिच्यापेक्षा चांगली आहे, हे आम्ही दोघांनी मान्य केलंय. म्हणजे शेवटच्या वळणापर्यंत त्या सोबत असल्या की हिचा खेळ खलास.

मी सुचवलं, पहिल्या दोन फेऱ्या त्यांच्या मागं, आतल्या रेघेवर. तिसरी सुरू झाली की निघायचं, आणि असं निघायचं की त्यांना विचार करायला वेळ मिळू नये. चारशे मीटर आधीच. ती म्हणाली, "काका, चारशे नाही टिकणार. तीनशे."

रोज संध्याकाळी माळावर तेच चाललंय. पाचशे मीटर बेतानं, मग तीनशे जीव तोडून. काल तिसऱ्यांदा केल्यावर ती बांधावर बसली आणि म्हणाली, साडेतीनशे करून बघू का.