वेग तोच, पंख वेगळे

एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये मुंबईत आलं. तेव्हापासूनच्या तिच्या जेट विमानांचे आकडे शेजारी मांडले, तर वेग जिथल्या तिथेच दिसतो: साधारण ध्वनिवेगाच्या ८० ते ८५ टक्के. मग पंखाच्या छेदावर, म्हणजे एअरफॉइलवर, झालेल्या संशोधनाची कमाई गेली कुठे? माझ्या मते ती पंख जाड, लांब आणि कमी कललेला करण्यात खर्ची पडली, आणि ते योग्यच झालं.

जुन्या छेदाची पाठ कमानदार. विमान ध्वनिवेगाजवळ पोचलं की पाठीवरची हवा तो वेग ओलांडते, पुढे शॉक वेव्हपाशी एकदम मंदावते आणि अडथळा भडकतो. यावरचा पहिला उपाय म्हणजे पंख मागे कलवणं; ही मूळ कल्पना अडॉल्फ बुझेमान यांनी १९३५ मध्ये मांडली. ७०७चा पंख ३५ अंश कललेला, जंबोचा, म्हणजे ७४७चा, साडेसदतीस. पण असा पंख पिळवटतो, जास्त धातू मागतो आणि कमी वेगात उचल कमी देतो. नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी छेदच बदलला: नाक जाड गोल, पाठ सपाट, मागच्या कडेजवळ पोट खोलगट. शॉक वेव्ह क्षीण झाली; सपाट पाठीने गमावलेली उचल मागच्या खोलगट भागाने भरून काढली. १९७१ मध्ये असा पंख एका एफ-८ लढाऊ विमानावर उडाला.

कुणी म्हणेल, श्रेय इंजिनाचं आणि कार्बन फायबरचं. इंधनबचतीत इंजिनाचा वाटा मोठा, हे मान्यच. म्हणूनच १९८६ मध्ये एअर इंडियात आलेलं एअरबस ए३१० पाहावं. पंख ॲल्युमिनियमचे, पंखविस्तार ७०७इतकाच, ४४ मीटरांच्या आत, कमाल वजन थोडं जास्तच, दीडशे टनांच्या आसपास. तरी पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस मीटरांवरून २१९वर आलं आणि कल २८ अंशांवर. क्षेत्रफळ घटण्यात सुधारलेल्या फ्लॅप्सचा हात आहे. कल मात्र फ्लॅप्सनी किंवा इंजिनाने घटत नाही; तो घटला नव्या छेदामुळे. कार्बन फायबरने पुढे हीच दिशा ताणली. जंबो आणि ७८७, दोघांचा पंखविस्तार साठ मीटरांच्या आसपास. वजनं मात्र साडेतीनशे टनांवर आणि सव्वादोनशेच्या घरात. वजनाच्या मानाने पंख लांब असला की उचलीपोटी सोसावा लागणारा अडथळा कमी होतो.

वेगाची बाजूही मांडून झाली आहे. ध्वनिवेगाला भिडू पाहणारं 'सॉनिक क्रूझर' बोइंगने २००१ मध्ये जाहीर केलं. विमान कंपन्यांनी इंधनाचा खर्च पाहिला, २००२ च्या अखेरीस बेत गुंडाळला गेला, आणि त्याच्या जागी जे विमान आखलं गेलं ते ७८७.