पळसपापडी आणि पोटातले जंत

परवा दोंडाईचाच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगांपलीकडे एक आजी पळसपापडी विकत बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "पोटमा जंत व्हयनात का हाई देतस."

पळस आपल्या खान्देशात सगळ्यांच्या ओळखीचा. फाल्गुनात केशरी फुललेला बघतो, पण नंतरच्या चपट्या शेंगांकडे लक्ष जात नाही. शेंगेच्या टोकाला एकच चपटं, तांबूस बी असतं. तीच पळसपापडी.

या बियांत पॅलासोनिन नावाचं द्रव्य आहे आणि जंतांवर त्याचे प्रयोगशाळेत प्रयोग झालेत. मला सर्वात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: हे द्रव्य कँथारिडिनचं जवळचं भावंड. कँथारिडिन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यांचं विष! म्हणून घरी अंदाजाने चमचाभर पूड मुलांना देऊ नका. कळकळीने सांगतोय.

दुसरं वावडिंग. बाळाच्या दुधात चार दाणे उकळणं आपल्याकडे घरोघरी चालायचं. चरकसंहितेत कृमिनाशकांत ते श्रेष्ठ मानलंय. त्यातल्या एम्बेलिनवरही संशोधन झालंय, पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार अल्बेंडाझोल या जंतनाशक गोळीलाच आहे.

ही गोळी 2015पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत 1 ते 19 वयाच्या मुलांना मोफत देतात. मात्रा 400 मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्यांना निम्मी.

तुमच्याकडे जंतांवर काय देत असत? झाडाचं गावातलं नावही लिहा.