फुरसे कोकणातले, औषध परळचे

मी नव्याने दवाखाना थाटला तेव्हाची गोष्ट. भातलावणीसाठी मुंबईहून गावी आलेल्या एका चाकरमान्याला घरच्यांनी सकाळीच आणले. आदल्या संध्याकाळी गडग्याचा दगड उचलताना त्याच्या बोटाला साप चावला होता. 'हातभर तर होता', म्हणून रात्र मांत्रिकाकडे गेली. सकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

मी शिरेतले थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवले. नळी कलती करताच ते पाण्यासारखे वाहिले. फुरश्याचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते. मग हिरड्या, लघवी, कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. साप लहान म्हणून विष सौम्य, हा समज जिवावर बेततो.

यावर उतारा एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन. लोक त्याला 'सापाची लस' म्हणतात. मुंबईत परळला १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा आली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली. तिथे सर्पविषावरही काम झाले. कोकणातली फुरशी पकडून तिकडे पाठवली जात. विष काढून ते अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ही एकच कुपी चालते.

त्या रुग्णाला सलाईनमधून प्रतिविष दिले. सहा तासांनी नळीतले रक्त गोठले. कुपीवरचा पत्ता वाचून तो म्हणाला, "डॉक्टर, मी परळलाच राहतो की!"

वाचकहो, साप चावल्यास घाबरू नका, पण वेळही दवडू नका. चावलेला भाग हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या काढा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, रक्त चोखू नका. साप मारण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. मुलांनाही प्रतिविषाची मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही. आणि गडग्यात, पाल्यापाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवून पाहा.