उघडें दार आणि आंतील यजमान

फायरफॉक्स या साधनांतील मराठी शब्द कोणीं घातले, असा प्रश्न आम्हीं संगणकवर्गांत विचारला असतां बहुतेक मुलांनीं कंपनीच्या पगारी नोकरांकडे बोट दाखविलें. वस्तुतः त्या कामांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. अशा सॉफ्टवेअरास 'मुक्तस्रोत' म्हणतात. त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचतां, बदलतां व वांटतां येते. मात्र येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. परवाना आपणांस स्वतःची प्रत बदलण्याचा अधिकार देतो. मूळ प्रकल्पानें आपला बदल स्वीकारावाच, असें बंधन तो कोणावरही घालीत नाहीं.

फायरफॉक्सच्या भाषांतरासाठीं मोझिला संस्थेची 'पाँटून' नांवाची व्यवस्था आहे. तेथें नागपुरांतील विद्यार्थ्यासही खातें उघडून शब्द सुचवितां येतो; आज्ञावली लिहितां आलीच पाहिजे असें नाहीं. सुचविलेला शब्द अनुभवी भाषांतरकार तपासतो, मगच तो मान्य होतो. ही चाळणी आम्हांस रास्त वाटते. एकाच बटणास तीन ठिकाणीं तीन नांवें पडलीं तर वाचकानें काय करावें?

परंतु चाळणी निराळी आणि मौन निराळें. आमच्या एका विद्यार्थ्यानें अशाच एका प्रकल्पास 'अनडू' या बटणासाठीं 'उलटवा' हा शब्द सुचविला. पांच महिने उत्तर नाहीं! तो रोज सायंकाळीं पाहून येई. पुढें पाहणेंही त्यानें सोडलें. दुसऱ्या एका प्रकल्पानें तोच शब्द दोन दिवसांत नाकारला, पण कारण देऊन: 'उलटवा' म्हटल्यास चित्र पालथें करावयाचें असें वाटेल, म्हणून 'पूर्ववत करा' हेंच ठेवावें. सोबत करावयास आणखी दहा वाक्यें पाठविलीं.

पहिल्या प्रकल्पास दोष देतांना आम्ही कचरतों. पुष्कळ ठिकाणीं सारा भार दोघातिघां बिनपगारी माणसांवर असतो, आणि तीं थकतात. कठोर शब्दांची सबब मात्र तशी सांगतां येत नाहीं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचीं उत्तरें त्यांतील कडक भाषेमुळें गाजत. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली व त्याच सुमारास त्या प्रकल्पानें नवी आचारसंहिता स्वीकारली.

कांहीं प्रकल्प नवख्यांसाठीं सोपीं कामें खूण करून ठेवतात. तेथून आरंभ करावा. तत्पूर्वीं, मागील नवख्यांस किती दिवसांनीं व कोणत्या शब्दांत उत्तरें मिळालीं, तें वाचून पाहावें.

आमचा तो विद्यार्थी, जेथें नकार मिळाला तेथेंच रमला आहे. आतां इतरांच्या सूचना तोच तपासतो. परवां त्यानें एकास नकार कळविला. तो आम्हीं वाचला, चांगला सहा ओळींचा होता.